जुनी मांडणी व तीवरील भांडीं

बखरी, दफ्तरें व ताम्रपट यांत रमणाऱ्या वाचकांस स्वयंपाकघराचा कोपरा हा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु पाडलेल्या वाड्यांतून निघालेली एखादी सागवानी मांडणी किंवा फडताळाची चौकट आणावी, ती अंधाऱ्या कोपऱ्यांत लावावी आणि तीवर पितळी डबे, मापें, बरण्या मांडून तो कोपरा उजळावा, अशी हौस अलीकडे शहरांतून पुष्कळ दिसूं लागली आहे. हौस चांगली आहे. मात्र तिच्यापायीं जो पुरावा रोज घासला जात आहे, त्याची दखल संग्राहकांनीं न घेतल्यास दुसरें कोणी घेणार नाहीं, म्हणून हें टिपण.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. भिंतींतील खणास फळ्या व दारें बसविलीं कीं तें फडताळ. दारें नसलेला लहान खण तो कोनाडा. दिव्यापुरता असेल तर दिवळी. मांडणी भिंतींत नसते. ती भिंतीस टेकून उभी किंवा टांगलेली असते व भांडें घसरूं नये म्हणून तिच्या फळ्यांना पुढून आडवी पट्टी असते. विकणारा या सर्वांस एकाच नांवानें हांका मारतो, आणि घेणाराही तेंच नांव घरीं नेतो! भेद महत्त्वाचा अशासाठीं कीं, फडताळ भिंतीबरोबरच घडलेलें असतें; तें कोणत्या वाड्याच्या कोणत्या दालनांतून निघालें हें न कळल्यास त्याची निम्मी किंमत गेली. दि. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील अनेक जुने वाडे पडले. पुढें उरलेले वाडेही पाडून इमारती उठल्या, व त्यांतील लांकूडकाम घराण्याच्या नांवावांचून बाजारांत आलें. विकणाऱ्यास वाड्याचा ठावठिकाणा विचारून तो फळीच्या मागल्या बाजूस चिठीवर लिहून ठेवणें, एवढें तरी घेणाऱ्यानें त्याच दिवशीं करावें.

फळी घरीं येतांच तिच्यावर अंथरलेला मळका कागद फाडून टाकणें हें बहुतेकांचें पहिलें काम. आमच्या वाचकांस तरी हें सांगावयास नको कीं, मोडी वाचणारी पिढी सरल्यावर घरोघरच्या रुमालांना रद्दीची कळा आली; असे कागद फळीवर अंथरले गेले नसतील असें कोणीं म्हणावें? कागद खळीनें चिकटविलेला असल्यास ओला करूं नये. काजळाची शाई डिंकांत बांधलेली असते व पाण्यानें ती पसरते. बांबूची पातळ पट्टी कोरडीच आंत सारून, कडेकडेनें सोडवावा. कागद छापील वर्तमानपत्राचा असेल तर त्यावरील तारीख टिपावी. पण ती अंथरल्याच्या काळाची अलीकडील मर्यादा नव्हे, पलीकडील होय, आणि फळीच्या वयाविषयीं ती कांहींच सांगत नाहीं.

आतां भांडीं. आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म भांड्यांवरील नांवांत आहे. बारीक छिन्नीनें ठिपके ठोकून घातलेलें नांव, कधीं गांव, कधीं देणाऱ्याचा उल्लेख, कधीं शक, असा हा दोन ओळींचा लेख असतो. शक असल्यास त्यांत ७८ मिळवावे, व वर्षाच्या उत्तरार्धांत, इंग्रजी नवें साल लागल्यावर, ७९. म्हणजे शक १८१० हें इ. स. १८८८-८९ होय. आपल्या वंशावळींत स्त्रियांचीं नांवें बहुधा गाळलेलीं असतात. लग्नांत आलेल्या तांब्या-घागरीवर मात्र तें नांव सांपडूं शकतें, कधीं माहेरच्या आडनांवासह. ज्या घराण्याचें दफ्तर जळालें किंवा वाहून गेलें, त्याचा एवढाच लेख मागें राहिला असण्याचा संभव आहे.

आणि हाच लेख झिलईच्या चाकाखालीं नष्ट होतो. चिंच व राख यांनीं भांडें उजळतें तें वरचा थर जाऊन. प्रत्येक वेळीं ठिपके थोडे उथळ होतात. यंत्रावर तर कांहीं मिनिटांत सपाट. म्हणून घासण्यापूर्वीं, ताम्रपटाचा घेतों तसा, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा. तिरप्या उजेडांत छायाचित्रही काढावें. लेख असलेला भाग पुढें नुसत्या मऊ फडक्यानें पुसावा. तेवढा काळसर राहिला तर कोपऱ्याची शोभा जाते असें आम्हांस वाटत नाहीं.

मापांविषयीं थोडेंच. देशावरील प्रचलित कोष्टकांत दोन निळवीं म्हणजे कोळवें, दोन कोळवीं म्हणजे चिपटें, दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. १९५६ च्या कायद्यान्वयें दशमान मापें आलीं व हीं हळूहळू मोडींत निघालीं. (मोडी जाणणाऱ्यांनीं मोडींतील वस्तूंकडे पाहूं नये, हा विनोद नव्हे, दुर्दैव आहे.) शेर गांवोगांव सारखा नसे, तेव्हां माप मिळाल्यास तें कोणत्या गांवचें हें लिहून, त्यांत किती मिलिलिटर पाणी मावतें तें मोजून ठेवावें. अशा नोंदी जमल्यास जुन्या हिशेबांतील धान्याचे आंकडे नीट लावतां येतील.

घरगुती वस्तूंस संग्रहाचा मान कसा मिळतो तें पाहावयाचें असल्यास, दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास सुरू केलेला, पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत मांडलेला संग्रह पाहावा. घरीं मांडणाऱ्यानें चुलीपासून दूरची भिंत निवडावी. तेलकट धूर फळीच्या नक्षींत बसला कीं निघत नाहीं. आंबट पदार्थ ठेवावयाचा असल्यास तांब्यापितळेच्या भांड्यास आंतून कल्हई हवी. ती कथील व नवसागर यांनीं विस्तवावर होते, म्हणून कल्हईवाल्याकडे देण्यापूर्वींही ठसा घ्यावा. शोभेसाठीं मधल्या फळीवर एखादी पोथी ठेवण्याचा मोह कांहींस होतो. तिची जागा तेथें नाहीं. वाफ, तेल आणि झुरळें या तिन्हींची तेथें वस्ती असते.