आतड्याची शस्त्रक्रिया आणि वेळेवरचे औषध

‘ऑपरेशन चांगले झाले, पण जखम चिघळली,’ हे वाक्य आपल्याकडे पुष्कळ घरांतील आजारपणाच्या हकिकतीत ऐकू येते. मग खाटेवरचे दिवस वाढतात, खर्च वाढतो, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळून राहतो. कधी कधी प्राणावरही बेतते. लोक नशिबाला बोल लावतात. परंतु या चिघळण्याची कारणे आज ठाऊक आहेत, आणि त्यांतील एका मोठ्या कारणावर साधा उपायही आहे. त्याचाच विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आतड्यांची स्थिती पाहू. मोठ्या आतड्यातील मलाच्या एका ग्रॅममध्ये जंतूंची संख्या शंभर अब्जांच्या घरात जाते. जागच्या जागी हे जंतू आपले वैरी नव्हेत. परंतु गाठ काढण्यासाठी शस्त्रवैद्य आतडे उघडतो, तेव्हा हेच बिऱ्हाडकरू पोटाच्या पोकळीत आणि जखमेच्या कडांवर उतरतात. १८६७ साली लिस्टर यांनी बाहेरून येणाऱ्या जंतूंना अडविण्याचा मार्ग दाखविला. पण येथे चोर घरातलाच. म्हणून हात कितीही धुतले आणि हत्यारे कितीही निर्जंतुक केली, तरी तेवढ्याने भागत नाही.

तर मग प्रतिजैविक औषध द्यावे, हे उघडच आहे. खरा प्रश्न असा की, ते केव्हा द्यावे? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातील ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सहज पटेल. काणी पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळतात, ते पेरणीपूर्वी. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी दिसू लागल्यावर कितीही गंधक आणले, तरी ते कणीस काही भरत नाही. १९६१ साली जॉन बर्क या अमेरिकन शस्त्रवैद्याने गिनीपिगांवरील प्रयोगांतून नेमके हेच दाखविले. जंतू टोचण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास औषध दिले, तर बाधा फार थोडी होई. तीन तास उलटल्यावर दिले, तर ते दिले काय नि न दिले काय, सारखेच!

माणसांचा अनुभवही असाच आहे. १९६५ ते १९८० या काळातील २६ चाचण्यांचा आढावा १९८१ साली प्रसिद्ध झाला. आतड्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांना औषध दिले नव्हते त्यांतील शंभरांत ३६ जणांच्या जखमा दूषित झाल्या होत्या. ज्यांना दिले होते त्यांत २२. मृत्यूचे प्रमाणही शेकडा ११ वरून ५ च्या आत आले होते. पुढे २०१४ साली २६० चाचण्यांतील ४३ हजारांहून अधिक रोग्यांचा हिशोब मांडला गेला. त्यात जखमेच्या बाधेचे प्रमाण शेकडा ३९ वरून १३ वर उतरल्याचे दिसले.

औषध कोणते, हेही महत्त्वाचे. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली सरकारी कारखाना निघाला आणि पुढे पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. परंतु आतड्यात हवेवर जगणारे आणि हवेवाचून जगणारे असे दोन्ही प्रकारचे जंतू असतात. एकट्या पेनिसिलिनला ते आवरत नाहीत. म्हणून दोहोंना पुरे पडेल अशी योजना करावी लागते. शक्य तेथे आदल्या दिवशी पोटातून आणि शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून, अशी दोन्ही वाटांनी औषधे दिल्यास अधिक गुण येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले की, पहिला छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांच्या आत हे औषध द्यावे. आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे. मेहकर-लोणारकडचा रोगी बुलढाण्यास, खामगावास किंवा अकोल्यास न्यायचा, तर वाटेत आणि दाखल होण्यात कित्येक तास जातात. गावाहून निघताना टोचलेल्या सुईचा जोर तोवर ओसरलेला असू शकतो. म्हणून ती केव्हा दिली आणि कशाची होती, हे चिठ्ठीवर लिहून घेऊन शस्त्रवैद्याला दाखवावे.

त्याच संघटनेची दुसरी सूचना लोकांना चमत्कारिक वाटते. शस्त्रक्रिया संपल्यावर हे प्रतिबंधक औषध लांबवू नये! आठ दिवस भारी इंजेक्शने दिली म्हणजे डॉक्टर चांगला, असा आपला समज असतो. परंतु जखम शिवल्यावर पहारा वाढवून जास्तीचे काही पदरात पडत नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू मात्र माजतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६६ देशांतील पाहणीत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमा दूषित झालेल्या रोग्यांचे जंतू जेथे तपासले, तेथे सुमारे पाचांत एकाचे जंतू आधी दिलेल्या औषधाला दाद देत नव्हते. मात्र आतडे फुटून पोटात पू झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे औषध प्रतिबंधासाठी नव्हे, उपचारासाठी असते, आणि ते डॉक्टर सांगतील तितके दिवस घेतलेच पाहिजे.

तेव्हा रोग्याच्या माणसांनी तीन गोष्टी कराव्यात. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, हे आधी सांगावे. छेद घेण्यापूर्वी प्रतिबंधक औषध दिले जाणार ना, हे नम्रपणे विचारावे. आणि ते थांबविले म्हणून रुसू नये, किंवा उरलेल्या गोळ्या घरी ठेवून पुढच्या पडशाला घेऊ नयेत. गोळ्यांच्या पट्टीवरील तांबडी रेघ हेच बजावत असते, की हे औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही.

औषध तेच, पण वेळेवर दिले तर ते राखण करते, वेळ टळल्यावर नुसता खर्च. पेरणीचा वाफसा साधणाऱ्या आपल्या लोकांना वेळेचे मोल निराळे सांगायला नको.