पाण्याखालचा केसपेपर

दिवाळीच्या सुट्टीत लातूरचा माझा भाचा नांदेडला आला तो लॅपटॉप घेऊनच. स्कूबा डायव्हिंग शिकून वर्षभरात तो तीनदा मालवणला जाऊन आला होता. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथला पोरगा समुद्राच्या तळाचे फोटो काढतो याचे मला कौतुकच वाटले. "मामा, चारशे फोटो आहेत. पोर्टफोलिओ करायचाय. चांगले वीस निवडून द्या," तो म्हणाला.

फोटो सुरेख होते. पण वीस सुरेख फोटो एकापुढे एक लावले की लग्नाचा अल्बम होतो. त्यातून काही कळत नाही. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. एकच खडक तीनदा आला होता. त्यावरचा प्रवाळ गेल्या दिवाळीत तपकिरी, फेब्रुवारीत तसाच, मे महिन्यात मात्र पांढरट. मी विचारले, "हा आजारी पडलाय, की तुझा फ्लॅश जास्त पडलाय?" त्याला सांगता येईना.

प्रश्न महत्त्वाचा होता. प्रवाळ हा सजीव आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर रंग परत येतो, नाहीतर सांगाड्यावर दुसरेच शेवाळ चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या पाण्यातही प्रवाळ असे पांढरे पडल्याची नोंद केली आहे. १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झालेला हा भाग आपल्या राज्याचा ठेवा आहे.

आमच्या वॉर्डात मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवतात. कोन, अंतर, उजेड दर वेळी तोच. म्हणून पंधरा दिवसांनी जखम भरतेय की चिघळतेय, हे नजरेला कळते. एक फोटो म्हणजे एक दिवस. फोटोंची मालिका म्हणजे केसपेपर.

पाण्याखाली ही शिस्त जास्तच लागते. पाणी लाल रंग आधी शोषून घेते. दहा मीटरवर तो जवळपास उरतच नाही. तिथे बोट कापले तर रक्तही हिरवट काळे दिसते. सपाट काचेतून वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी भासते. म्हणून प्रत्येक फोटोत पांढरी-राखाडी पाटी आणि मोजपट्टी हवी, म्हणजे रंग आणि आकार दोन्ही पडताळता येतात. विषयाच्या जवळ जायचे, फ्लॅश बाजूने टाकायचा. समोरून टाकला तर पाण्यातला गाळच चमकतो. खडकाचा एक दुरून, एक मधून, एक जवळून असे तीन फोटो दर खेपेला त्याच क्रमाने घ्यायचे. आणि प्रवाळाला हात, पाय, पाटी काहीही लावायचे नाही.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. फोटोच्या नादात माणूस श्वास विसरतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटू शकते. सर्दी असताना उतरू नका, कानाचा पडदा जायचा. दमा, हृदयविकार, फिट येणे किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. आपल्याकडच्यांसाठी एक खास सूचना. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. घाईने उंचीवर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे आणि वाटेत घाट लागतो. दोन-तीन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढू नका. रात्र किनाऱ्यावर काढा. विमानासाठी तर एका डाइव्हनंतर किमान बारा तास, अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास थांबायचे असते.

भाचा गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आला. या वेळी पाटी, पट्टी सगळे घेऊन; रात्री मुक्कामही केला. त्याने पाठवलेल्या फोटोत त्या प्रवाळाचा अर्धा भाग पुन्हा तपकिरी झालाय, उरलेल्या अर्ध्यावर शेवाळ चढलेय. म्हणजे मे महिन्यात दोष फ्लॅशचा नव्हता. निदान सहा महिन्यांनी झाले, पण झाले.

पोर्टफोलिओत आता वीस नाही, बाराच फोटो आहेत. एकाच खडकाचे, चार खेपांचे, प्रत्येकी तीन. सगळ्यात रंगीत मासा त्याने स्वतःच वगळला.