समजून घ्या : ‘पीएस-५’चे स्टोरेज भरले, नवी एसएसडी घ्यावी का?

फेब्रुवारी २०२१मध्ये भारतात आलेल्या पहिल्या ‘प्लेस्टेशन-५’मध्ये ८२५ जीबीची एसएसडी आहे. प्रत्यक्षात गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच मिळतात. मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो. म्हणजे असे सहा गेम टाकले की जागा संपली.

खर्चाआधी काय पाहावे?
घरच्या इंटरनेटचा वेग. १०० एमबीपीएसला शंभर जीबीचा गेम सव्वादोन तासांत पुन्हा डाउनलोड होतो. ३० एमबीपीएसला साडेसात तास लागतात. नेट वेगवान असेल तर खेळून झालेला गेम काढून टाका. सेव्ह केलेली प्रगती कन्सोलमध्ये राहते.

स्वस्त पर्याय कोणता?
यूएसबी हार्ड डिस्क. तिच्यावरून पीएस-४चे गेम थेट चालतात. पीएस-५चे गेम मात्र नुसते ठेवता येतात. खेळण्यासाठी पुन्हा कन्सोलमध्ये घ्यावे लागतात.

एसएसडी घ्यायचीच असेल तर?
चौथ्या पिढीची एम.२ एनव्हीएमई, सेकंदाला किमान ५,५०० एमबी वेगाची घ्या. ती वेगळ्या स्लॉटमध्ये बसते, मूळची काढावी लागत नाही. हीटसिंक हवाच, त्यासह जाडी ११.२५ मिमीच्या आत असावी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात कन्सोल बंद कपाटात ठेवू नका.

मग निर्णय काय?
नव्या एसएसडीने जागा वाढते, ग्राफिक्स सुधारत नाहीत. दोन-तीनच गेम खेळत असाल तर पैसे वाचवा. नेट संथ आणि घरात खेळणारे अनेक असतील, तरच १ टीबीचा खर्च सार्थकी लागेल.