श्वानवस्त्रांचा लघुउद्योग : माप, श्रम आणि मूल्य

कुत्र्यांसाठी मापाबरहुकूम कपडे शिवून देण्याचा धंदा हा विषय सकृद्दर्शनी अभ्यासास क्षुल्लक, किंबहुना काहीसा हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु लहान उद्योगांचा विचार करणाऱ्यास या धंद्यात एक प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. घरबसल्या, एका शिवणयंत्राच्या साहाय्याने मागणीनुसार वस्तू तयार करणारा कारागीर विकतो तरी काय? कापड, शिलाई की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे असे अनेक धंदे भरपूर मागणी असूनही कारागिराचे पोट भरू शकत नाहीत. महाराष्ट्रातील शहरांत हा धंदा बहुतांशी घरगुती स्वरूपात चालतो हे लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात त्याचे तंत्र व त्याचा हिशेब यांचे थोडक्यात विवेचन करावयाचे आहे.

१. मानाचे वस्त्र आणि गरजेचे वस्त्र

कुत्र्यास वस्त्र घालण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. सातारचे छत्रपती शाहू महाराज (मृत्यू १७४९) यांचा खंड्या नावाचा कुत्रा मराठी वाचकांस परिचित आहे. शिकारीच्या प्रसंगी त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला, अशी कथा आहे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात असे नमूद केले आहे की, महाराजांनी भर दरबारात या कुत्र्यास जरीचे वस्त्र व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेवली आणि त्यास जहागीर व पालखीचा मान दिला. संगम माहुली येथे त्याची समाधी आजही दाखविण्यात येते. युरोपात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहरी श्रीमंतांच्या कुत्र्यांचे कपडे शिवणारी स्वतंत्र दुकाने होती.

ही दोन्ही उदाहरणे मानाच्या वस्त्राची आहेत. अशा वस्त्राचे समाधान नेसविणाऱ्यास मिळते, नेसणाऱ्यास नव्हे. आजही वाढदिवस, लग्नसमारंभ, दिवाळी अशा प्रसंगी जे झगमगीत कपडे मागितले जातात ते याच वर्गात मोडतात. दुसरा वर्ग गरजेच्या वस्त्राचा होय. थंडीसाठी लोकरी अंगरखा, पावसाळ्यासाठी जलरोधक आच्छादन आणि शस्त्रक्रियेनंतर टाके चाटता येऊ नयेत म्हणून घालावयाचे अंगालगत बसणारे सुती वस्त्र, ही त्याची प्रमुख उदाहरणे. हे शेवटचे वस्त्र सैल झाले तर टाके उघडे पडतात आणि घट्ट झाले तर जखमेवर दाब येतो. माप चुकल्यास काय होते हे येथे ताबडतोब दिसून येते.

गरज ठरविताना प्राण्याची शरीररचना विचारात घेतली पाहिजे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान साधारणतः ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. माणूस सर्वांगाने घाम गाळून उष्णता बाहेर टाकतो. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असल्यामुळे त्यास धापा टाकूनच शरीर थंड ठेवावे लागते. सबब उन्हाळ्यात किंवा दमट हवेत अंगावर चढविलेले जाड वस्त्र त्यास अपायकारक ठरते. लॅब्रेडॉरसारख्या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात; पुण्याच्या थंडीत निरोगी लॅब्रेडॉरला कपड्याची गरज भासत नाही. याउलट आखूड व विरळ केसांचा, अंगावर चरबी नसलेला, लहान किंवा वृद्ध कुत्रा डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुडकुडतो. लहान प्राण्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने त्याची उष्णता लवकर जाते, हे त्याचे कारण होय.

२. तयार कपडा का बसत नाही

बाजारातील तयार कपड्यांचे क्रमांक बहुधा पाठीच्या लांबीवरून ठरविलेले असतात. माणसांच्या बाबतीत असे एखादे माप पुष्कळसे काम भागविते, कारण माणसांच्या शरीराची प्रमाणे परस्परांपासून फारशी भिन्न नसतात. कुत्र्यांच्या जातींत हा नियम लागू पडत नाही. मुधोळ हाउंड या जातीचे उदाहरण घ्यावे. आज कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेल्या आणि २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर झळकलेल्या या कुत्र्याची छाती खोल, कंबर अतिशय बारीक व मान लांब असते. पाय आखूड व पाठ लांब असलेला डॅक्सहुंड किंवा रुंद छातीचा पग यांची ठेवण अगदी निराळी. छातीस बसणारा कपडा मुधोळच्या कंबरेवर लोंबतो. पाठीस पुरणारा कपडा पगच्या छातीवर मिटत नाही.

समजा, एखाद्या दुकानदाराने पाठीच्या लांबीच्या ६, छातीच्या घेराच्या ६ आणि गळ्याच्या ४ पायऱ्या ठरविल्या, तर एकाच नमुन्याच्या एकाच रंगाच्या कपड्याचे ६ × ६ × ४, म्हणजे १४४ प्रकार साठ्यात ठेवावे लागतील. इतका साठा ठेवणे कोणासही परवडणारे नाही. मोठ्या कारखान्याने सोडून दिलेल्या या जागेतच मापाप्रमाणे शिवणाऱ्या कारागिराचा धंदा उभा राहतो. त्याचा टिकाव स्वस्ताईवर अवलंबून नसून अचूक बसण्यावर अवलंबून आहे, हे येथेच स्पष्ट होते.

३. माप आणि बेतणे

माप घेताना कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असावा. बसलेल्या कुत्र्याची पाठ वाकते व छातीचा घेर बदलतो. प्रमुख मापे पाच : मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, पुढील पायांच्या लगेच मागे, छातीच्या सर्वांत खोल भागाचा घेर, गळ्याचा घेर, पोटाचा घेर, आणि पुढील दोन पायांमधील अंतर. फितीखाली दोन बोटे सहज जातील इतकी ढिलाई ठेवावी. नराच्या कपड्याचा पोटाकडील भाग आखूड ठेवावा लागतो, अन्यथा तो मूत्राने भिजून कातडीस त्रास होतो.

माणसाच्या सदऱ्याचा अनुभव असलेल्या शिंप्यास बेतताना प्रथम अडचण येते ती पायांच्या भोकांची. माणसाचे हात धडाच्या दोन्ही बाजूंस असतात. कुत्र्याचे पुढील पाय छातीखालून निघतात. त्यामुळे भोके कुशीच्या मध्यावर न ठेवता पोटाच्या पट्टीकडे सरकवावी लागतात. दुसरी गोष्ट अशी की, कुत्र्यास माणसासारखे कार्यक्षम गळपट्टीचे हाड नसते. पुढचा पाय टाकताना संपूर्ण खांदा मागेपुढे सरकतो. खांद्याच्या टोकावर कापड ताठ बसले तर प्राण्याचे पाऊल आखूड पडते. तो जागच्या जागी थिजल्यासारखा उभा राहतो आणि मालकाला वाटते की त्यास कपड्याची लाज वाटते! म्हणून या भागी कापड उरेब कापावे किंवा ताणले जाणारे विणीचे कापड वापरावे. बगलेत जाड शिवण येऊ देऊ नये, कारण तेथील कातडी नाजूक असून चालताना घासली जाते.

बंद करण्याची सोय पाठीवर असावी. तोंड पोहोचेल अशा जागी लावलेले बटण कुत्रा चावून गिळू शकतो. चेनमध्ये केस अडकतात, म्हणून तिच्या आतून कापडाची एक पट्टी द्यावी. नवा नमुना प्रथम स्वस्त मांजरपाटात शिवून अंगावर घालून, कुत्र्यास चालवून, बसवून पाहावा आणि मगच मूळ कापडास कात्री लावावी. बेतताना माया नेहमीपेक्षा थोडी अधिक सोडणे शहाणपणाचे, कारण पिल्लू वाढते आणि प्रौढ कुत्र्याचेही वजन बदलते.

४. हिशेब

आपल्याकडील शिंप्याच्या धंद्याची जुनी रीत अशी की, कापड गिऱ्हाइकाने आणावयाचे व शिंप्याने केवळ शिलाई घ्यावयाची. या रीतीमुळे माप घेणे, बेतणे व दुरुस्ती ही कामे शिलाईत 'आलीच' असे समजण्याची सवय दोन्ही पक्षांस लागली. ठरावीक घाटाच्या कपड्यांत ही सवय फारशी बाधत नसे. श्वानवस्त्राच्या धंद्यात मात्र ती घातक ठरते. उदाहरणादाखल काही आकडे कल्पून पाहू.

एका मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या लोकरी अंगरख्यास कापड, अस्तर व इतर सामान मिळून रु. २६० लागतात, वीज, यंत्राची झीज, वेष्टन इत्यादींचा वाटा रु. ९० धरू. गिऱ्हाइकाशी बोलणे व माप यास ४० मिनिटे, कागदी नमुना तयार करण्यास ४५, कापण्यास २०, शिवण्यास ९० आणि अंगावर घालून पाहणे व दुरुस्ती यास ४५, असा एकूण वेळ २४० मिनिटे म्हणजे ४ तास. तयार कपड्याच्या किमतीकडे पाहून कारागीर स्त्रीने रु. ६०० किंमत सांगितली, तर खर्च वजा जाता रु. २५० उरतात. शिवणकामाचा दीड तास तेवढा तिच्या डोळ्यांपुढे असल्याने तासास सुमारे रु. १६७ पडले असे तिला वाटते. वास्तविक तिला तासास रु. ६२.५० मिळालेले असतात.

आता तोच मालक पुढील पावसाळ्यात त्याच कुत्र्यासाठी दुसरा कपडा मागतो असे समजू. नमुना जपून ठेवला असेल तर मापाची फेरतपासणी १५ मिनिटे, कापणे २० व शिवणे ९०, अशा १२५ मिनिटांत काम होते. सामानाचा खर्च व किंमत तीच धरल्यास उरलेल्या रु. २५० वरून तासाची मिळकत रु. १२० होते. मिळकत जवळजवळ दुप्पट झाली, आणि ती ना महाग विकल्यामुळे, ना घाईने शिवल्यामुळे. पहिल्या खेपेस केलेले मापाचे व नमुन्याचे श्रम दुसऱ्या खेपेस भांडवल म्हणून उपयोगी पडले.

यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला, माप व नमुना यांचा आकार प्रथम खेपेस स्वतंत्रपणे लावावा व तो गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावा. पुढील खेपेस तो माफ करावा. दुसरा, प्रत्येक कुत्र्याची मापे, तारीख, वजन, कोठे घासले, कोठे ढिले पडले याची नोंदवही ठेवावी आणि कागदी नमुने नावानिशी जपावेत. या धंद्याचे खरे भांडवल यंत्रापेक्षा या नोंदवहीत साठलेले असते. यंत्र कोणासही विकत घेता येते. दोनशे कुत्र्यांची तपासलेली मापे बाजारात विकत मिळत नाहीत.

टपालाने माल पाठविणाऱ्यांस मापे गिऱ्हाइकाकडूनच मागवावी लागतात. अशा वेळी प्रत्येक माप दोनदा घेण्यास सांगावे आणि बाजूने काढलेले, फीत दिसेल असे छायाचित्र मागवावे. चुकीच्या मापाने परत आलेला एक कपडा चार कपड्यांचा नफा खाऊन टाकतो.

५. कायदा आणि कर

कायद्याच्या दृष्टीने या वस्तूचे स्थान मोठे मनोरंजक आहे. हार्मोनाइज्ड सिस्टीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात श्वानवस्त्रांची गणना कपड्यांच्या ६१ व ६२ या प्रकरणांत होत नाही. कोणत्याही पदार्थाची बनलेली असली तरी ती खोगीर, लगाम व मुसक्या यांच्यासह ४२०१ या शीर्षकाखाली येतात. भारतातील वस्तू व सेवा कराची आकारणीही याच वर्गीकरणास धरून होते. सबब माणसांच्या कपड्यांचा दर येथे गृहीत धरणे चूक होय. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल रु. ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सर्वसाधारणतः सूट आहे. पण करपात्र माल परराज्यात पाठविताच या सुटीचा आधार सामान्यतः राहत नाही. पुण्याहून बंगळूरला अंगरखे पाठवू पाहणाऱ्या गृहिणीने ही गोष्ट आधीच समजून घ्यावी. लघुउद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य असून, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचाही समावेश आहे.

तथापि या धंद्यास अधिक महत्त्वाचा कायदा दुसराच आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या तिसऱ्या कलमाने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या सुस्थितीची व त्यास अनावश्यक वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकली आहे. ही जबाबदारी मालकाची असली तरी नीतीच्या दृष्टीने शिवणाराही तीतून सुटत नाही. इतर सर्व शिवणकामात कपडा टोचला तर घालणारा तक्रार करतो. येथे पैसे देणारा एक व घालणारा दुसरा. आणि घालणारा मुका. मालक रंग पाहतो, झालर पाहतो. बगलेतील शिवण त्यास दिसत नाही. या मुक्या गिऱ्हाइकाच्या वतीने बोलू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे मापाची फीत हाती धरणारी. मे महिन्याच्या समारंभासाठी जाड मखमलीचा अंगरखा मागणाऱ्या मालकास नकार देणे, अथवा त्याऐवजी गळ्याभोवती हलका सुती रुमाल सुचविणे, हे तिचेच काम.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, श्वानवस्त्राचा कारागीर मुख्यतः माप विकतो; कापड व शिलाई ही त्या मापाची वाहने होत. मापाचे श्रम हिशेबात न धरल्यास कारागिराची मजुरी बुडते, आणि मापाकडे दुर्लक्ष केल्यास प्राण्यास इजा होते. म्हणजे शिवणारीचे हित व घालणाऱ्याचे हित ही या धंद्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. घरगुती शिवणकामाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी यंत्र चालविण्याबरोबरच वेळेची नोंद ठेवणे आणि मापाचा आकार लावणे हे विषय शिकविल्यास, या एकाच नव्हे तर मागणीनुसार वस्तू घडविणाऱ्या इतर अनेक धंद्यांतील स्त्रियांना आपल्या श्रमाचे खरे मोल कळू लागेल.