'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणी आहे ना?

मालवणात गणपती असो, जत्रा असो की नव्या घराचा मुहूर्त, गाऱ्हाणं हवंच! गावातला जाणता माणूस देवापुढे अडचण मांडतो आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' रील्समुळे हे आता पुण्या-मुंबईच्या पोरांनाही पाठ झालंय. पण यात मनाचं काय शहाणपण आहे, याचा विचार केलाय कधी?

गाऱ्हाण्यात अडचण लपवत नाहीत. ती चारचौघांत, मोठ्याने बोलली जाते. आणि 'व्हय' म्हटल्यावर ती एकट्याची राहत नाही.

हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये मांडलं की, 'मी' सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत तो स्वतंत्र, इतरांहून वेगळा मानला जातो. आशियातल्या अनेक समाजांत तो नात्यांतून घडतो. पटत नाही? गावी गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो ते आठवा, 'तू कोणाचो झील?' नाव नंतर!

याचा आधार मोठा, पण ओझंही तेवढंच. केटी लागली तर ती फक्त आपली नसते, अख्ख्या घराची असते. मग आपण गप्प बसतो आणि शरीर बोलायला लागतं. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाला चीनच्या हुनानमध्ये हेच दिसलं. डोकेदुखी, चक्कर, थकवा सांगणाऱ्या ज्या रुग्णांना त्याने तपासलं, त्यांतल्या बहुतेकांना नैराश्य होतं. ते नाटक करत नव्हते. त्यांच्या समाजात दुःख सांगायची भाषाच ती होती.

आपलीही तीच आहे. होस्टेलवरचा मित्र 'मी डिप्रेस्ड आहे' म्हणणार नाही. तो म्हणेल, 'जेवाक जाणा नाय', 'डोक्यात भणभणता'. असं दोनेक आठवडे चाललं, तर गोळी देऊन विषय संपवू नका. डॉक्टरांकडे न्याच, पण शेजारी बसून 'काय झाला रे?' असंही विचारा. लगेच सल्ला नको, 'एवढ्यावरून काय!' तर नकोच. आधी फक्त 'व्हय' म्हणा.

आणि तुमच्याच मनात काही साठलं असेल तर? देवाला सांगा, मैत्रिणीला सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. 14416 हा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास. गाऱ्हाणं मराठीत घातलं तरी चालतं.