जड पाणी : घरोघरचा छुपा खर्च

जामनेर तालुक्यातील बहुतेक विहिरी काळ्या कातळात खोदलेल्या आहेत. कातळातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळून ते 'जड' होते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरे पुट चढते. परिणामी साबण व इंधन अधिक खर्ची पडते. तुरटी वा ब्लीचिंग पावडरने हा दोष जात नाही. तात्पुरता जडपणा उकळल्याने जातो; कायमच्या जडपणासाठी कपडे धुताना धुण्याचा सोडा वापरावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत ग्राह्य धरतात. म्हणून विहीर निवडण्यापूर्वीच ग्रामपंचायतींनी पाण्याची तपासणी करून घेणे हिताचे ठरेल.