अवटु ग्रंथीचे औषध आणि शरीराचे वजन

म्हैसूर शहराची सकाळ कॉफीच्या सुगंधाने सुरू होते. चाळणीच्या भांड्यातून थेंबथेंब उतरलेला कॉफीचा अर्क उकळत्या दुधात मिसळावयाचा, पेल्यातून पसरट वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात तो ओतावयाचा, आणि मग घोट घेत वर्तमानपत्र उघडावयाचे, हा तेथील घरोघरचा परिपाठ आहे. अलीकडे मात्र पुष्कळ घरांत या पेल्याच्या शेजारी एक लहानशी गोळ्यांची बाटलीही दिसू लागली आहे. गळ्यातील अवटु ग्रंथीचे काम मंदावले असता वैद्य जे थायरॉक्सिन नावाचे औषध देतात, त्याची ही बाटली होय.

म्हैसूरचे हे चित्र केवळ म्हैसूरचे नाही. मुंबई, गोवा, बंगळूर यांसह देशातील आठ ठिकाणच्या सुमारे ५,४०० प्रौढ व्यक्तींची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरातील सुमारे अकरा जणांची अवटु ग्रंथी मंद असल्याचे आढळले. या रोग्यांपैकी बहुतेकांना पडणारा प्रश्न एकच असतो : औषध रोज घेतो, तरी वजन का उतरत नाही? या प्रश्नाचे उत्तर नीट न समजल्यामुळे कोणी स्वतःला आळशी ठरवितो, कोणी औषध सोडून देतो, तर कोणी आपल्याच मनाने मात्रा वाढवितो. यांतील पहिली गोष्ट अन्यायाची आहे; उरलेल्या दोन धोक्याच्या आहेत.

ग्रंथीचे कार्य

अवटु ग्रंथी ही गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस पसरलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची असते. प्रौढ माणसात तिचे वजन पंधरा ते वीस ग्रॅम भरते. अन्नातील आयोडीन वेचून घेऊन ती थायरॉक्सिन हे हॉर्मोन तयार करते व रक्तात सोडते. शरीरातील प्रत्येक पेशीने इंधन किती वेगाने जाळावे, हे ठरविण्यात या हॉर्मोनाचा मोठा वाटा असतो. चुलीत लाकडे पुष्कळ असली तरी वारा न मिळाल्यास जाळ धुमसत राहतो. थायरॉक्सिन कमी पडले म्हणजे शरीराची स्थिती काहीशी तशीच होते. थंडी सोसवत नाही, नाडी मंद चालते, त्वचा कोरडी पडते, मलावरोध होतो, आवाज घोगरा होतो, सुस्ती येते आणि वजन वाढते.

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी या साऱ्यावर देखरेख ठेवते. रक्तातील थायरॉक्सिन घटले की ती अवटु ग्रंथीला चेतविणारे दुसरे एक हॉर्मोन अधिक प्रमाणात सोडते. टीएसएच या नावाने रक्ततपासणीच्या कागदावर जो आकडा येतो, तो याच हॉर्मोनाचा. तो वाढलेला असणे म्हणजे, सामान्यतः, पोष ग्रंथी हाका मारीत आहे आणि अवटु ग्रंथी पुरेसे उत्तर देत नाही, असे समजावयाचे.

आयोडीनयुक्त मीठ मिळूनही हा विकार होतो, याचे कारण पुष्कळदा शरीराच्या संरक्षक यंत्रणेत असते. रोगजंतूंशी लढणारी ही यंत्रणा चुकीने आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले.

औषधाचा शोध

इंग्लंडमधील जॉर्ज मरे या तरुण वैद्याने १८९१ साली सेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीवर एक नवीन प्रयोग केला. तिची अवटु ग्रंथी निकामी झाली होती. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून मरे यांनी तो तिला टोचला. काही महिन्यांतच तिच्या अंगावरची सूज ओसरली, वाणी स्वच्छ झाली आणि मंदावलेली बुद्धी पूर्ववत चालू लागली. पुढे अर्क तोंडाने घेता येतो असे समजले. ही स्त्री १९१९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. त्या अठ्ठावीस वर्षांत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

१८९५ साली अ‍ॅडॉल्फ माग्नुस-लेव्ही या जर्मन वैद्याने श्वसनातून घेतलेला प्राणवायू मोजून दाखविले की, ग्रंथी मंद असता शरीरातील ज्वलन कमी होते व ग्रंथीचा अर्क दिला असता ते वाढते. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या डिसेंबरात शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. आजची गोळी ही त्याचीच संतती होय. साठ किलोग्रॅम वजनाच्या, ज्याची ग्रंथी जवळजवळ निकामी झाली आहे अशा प्रौढास दिवसाला सुमारे शंभर मायक्रोग्रॅम मात्रा पुरते. वर्षभराचे सारे औषध एकत्र केले तरी ते चिमूटभर मिठाहून पुष्कळच कमी भरेल. इतक्या सूक्ष्म वस्तूच्या मात्रेत थोडासा फरकही का महत्त्वाचा ठरतो, हे यावरून ध्यानात येईल.

वाढलेले वजन कशाचे?

ज्वलन मंदावले म्हणजे चरबी साठणार, आणि औषधाने ज्वलन पूर्ववत झाले म्हणजे चरबी वितळणार, असा तर्क सहज सुचतो. तो सर्वस्वी चूक नाही. पण अपुरा आहे. ग्रंथी मंद असताना त्वचेखाली व इतर ऊतकांत पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ साठतात. स्पंजाने पाणी शोषावे तसे ते पाणी व क्षार रोखून ठेवतात. चेहरा व पापण्या सुजट दिसतात त्या यामुळेच. म्हणजे वाढलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीचा नसून पाण्याचा असतो.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात याचा स्पष्ट पडताळा मिळाला. वर्षभराच्या उपचाराने रोग्यांचे वजन सरासरीने सुमारे चार किलोग्रॅमने उतरले. परंतु त्यांच्या शरीरातील चरबीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जे गेले ते मुख्यतः साठलेले पाणी होते. सामान्यतः या विकारामुळे होणारी वाढ दोन ते पाच किलोग्रॅमच्या आसपास असते; विकार फार तीव्र असल्यास ती याहून अधिक असू शकते. ज्याचे वजन पंधरा-वीस किलोग्रॅमने वाढले आहे, त्याच्या वाढीचा सगळा दोष ग्रंथीला देता येत नाही.

यावरून पुढील क्रमही उलगडतो. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत वजन थोडे उतरते आणि मग स्थिरावते. रोग्यास वाटते की औषधाचा गुण संपला. वस्तुतः औषधाने आपले काम पूर्ण केलेले असते. त्याने रोग्यास निरोगी माणसाच्या पातळीवर आणून ठेवले आहे. तेथून पुढचा हिशेब इतर सर्वांप्रमाणेच आहार व श्रम यांचा आहे.

गोळी आणि न्याहारी

गोळी पोटात जाणे वेगळे आणि रक्तात जाणे वेगळे. थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषले जाते व त्यासाठी पोट रिकामे असणे इष्ट असते. म्हणून सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, असा प्रघात आहे. इटलीतील संशोधकांनी २००८ साली असे दाखविले की, गोळीबरोबर किंवा लगेच नंतर कॉफी घेतल्यास काही रोग्यांत औषधाचे शोषण घटते. मध्ये तासाभराचे अंतर ठेवल्यास ही अडचण राहत नाही. म्हैसूरकरास कॉफी सोडावी लागत नाही. तिला तासभर थांबवावे लागते, एवढेच.

कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्या, तसेच आम्लपित्तावरील काही औषधे थायरॉक्सिनला अडवून धरतात. त्यांच्यात चार तासांचे अंतर असावे. म्हैसूरच्या परिसरात नाचणीच्या उकडीचे गोळे, ज्यांस तेथे मुद्दे म्हणतात, व नाचणीची आंबील रोजच्या आहारात असते. १९५० साली म्हैसूरच्या चेलुवांबा महालात सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीवर पुष्कळ काम झालेले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हा तिचा मोठाच गुण होय. तिला वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र आंबिलीच्या घोटाबरोबर गोळी गिळणे योग्य नव्हे.

शरीरातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि रक्ततपासणीही त्यानंतरच करतात. आठवड्याभरात काट्यावर फरक दिसला नाही म्हणून निराश होण्यात अर्थ नाही.

अधिक मात्रेचा मोह

एका गोळीने वजन स्थिरावले, तर दोन गोळ्यांनी ते उतरेल, हा विचार जुनाच आहे. मरे यांच्या यशानंतर थोड्याच वर्षांत स्थूल माणसांना ग्रंथीचा अर्क देण्याची टूम निघाली होती. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी रंगीबेरंगी गोळ्या वाटल्या जात. त्यांत थायरॉइडचा अर्क, उत्तेजके व हृदयावरील औषध एकत्र असे. त्यांच्यामुळे काही मृत्यू घडल्याचे उघडकीस आले आणि १९६८ साली तेथील सेनेटमध्ये या प्रकाराची चौकशी झाली.

गरजेहून अधिक थायरॉक्सिन घेतल्यास वजन काही अंशी उतरते खरे; परंतु चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हाडे ठिसूळ होतात, विशेषतः ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियांची. हृदयाचे ठोके जलद व अनियमित पडू लागतात, आणि वृद्धांत ही अनियमितता पक्षाघातासही कारण होऊ शकते. म्हणून औषध चालू असता वजन झपाट्याने घटू लागले, हात कापू लागले, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर आनंद न मानता वैद्यास भेटावे. मात्रा अधिक झाल्याची ती खूण असू शकते. उलट, औषध मनाने बंद केल्यास जुनी लक्षणे हळूहळू परत येतात. गर्भवती स्त्रीस तर या औषधाची गरज बहुधा वाढते, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ प्रारंभी आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

वजनाचा हिशेब

टीएसएचचा आकडा ठीक असूनही वजन चढत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे. दिवसातून तीन पेले कॉफी आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्या साखरेतूनच सुमारे १२० कॅलरी मिळतात. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या लहान सवयींचे मोल कळते. विकारात सुस्तीमुळे सुटलेले चालणे-फिरणे बरे वाटू लागल्यावरही पुष्कळदा परत सुरू होत नाही, तेही पाहावे. रोज काटा पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून ते वहीत टिपावे. वजन, औषधाची मात्रा व तपासणीची तारीख एकाच पानावर असली, म्हणजे वैद्यासही निर्णय घेणे सुलभ जाते. टीएसएच वाढलेले आढळल्यास मात्रा बदलण्यापूर्वी गोळी कशी व केव्हा घेतली जाते, हे आधी तपासावे.

थायरॉक्सिन हे वजन उतरविण्याचे औषध नव्हे. शरीरास जे स्वतः बनविता येत नाही, ते त्यास परत देणे, इतकेच त्याचे काम. मरे यांच्या त्या रोगी स्त्रीस या औषधाने अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य मिळाले. औषधाचे माप त्या तराजूत करावे, घरातल्या काट्यावर नव्हे.